पिशवी

रविवार, रात्र.

मोज्यांतली कुसळं काढत बसले आहे. तासभर झाला, निम्मी अजून तशीच. पण जागी आहे ती कुसळांमुळे नाही, त्या पिशवीमुळे.

चाळीसगावकडच्या पाटणजवळच्या कन्हेरगडाची नेहमीची फेरी केली. महादेवाच्या देवळापासून चढायचं, नागार्जुन लेणं, सीतान्हाणी, माथा, मग शृंगार चावडीच्या बाजूने खाली. डिसेंबरातली ही फेरी मी चुकवत नाही.

यंदा गवत छातीला लागतं. वाळून पिवळं पडलंय, पण अजून उभंच, त्यामुळे पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. वर दव. सात वाजता चढायला लागलो आणि पहिल्या वळणापर्यंत सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला, डोंगराच्या सावलीतल्या उतारावर ऊन उशिरा पोचतं आणि तोवर दगड निसरडे. चढताना मला त्याचं काही वाटलं नाही. मी पुढे होते.

वाटेत गुराखीबाबा म्हणाले, "ती वाट मोडी गयी शे, माय." मी मान डोलावली आणि तिकडूनच गेले. आप्पा असते तर... जाऊ दे.

उतरताना तो मुरमाड पट्टा आला. पावसाने बारीक माती धुऊन नेलेली. खाली कडक जमीन, वर सुटे खडे. ओल असते तोवर मुरूम धरून राहतो, कोरडा पडला की ज्वारीच्या दाण्यांसारखा पायाखालून सरकतो. अंग मागे टाकायचं नाही, तिरकं उतरायचं, पावलं लहान ठेवायची. हे घरातल्या सगळ्या पोरांना मी शिकवलंय. आज माझाच पाय दोनदा गेला. पडले नाही. नुसता गेला.

तेवढ्यात भाच्याने मागून येऊन माझ्या पाठीवरची पिशवी काढून घेतली. विचारलं नाही. आधी एक पट्टा, मग दुसरा. आजारी माणसाचा स्वेटर काढतात तसं, जपून. त्या जपून करण्याचंच जास्त लागलं. हिसकावून घेतली असती तर भांडता तरी आलं असतं. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे त्याने आधीच ठरवलं होतं. कधीपासून? चढतानाच? की घरूनच सगळ्यांनी ठरवून पाठवलं होतं?

खाली देवीच्या देवळात आणखी एक झालं. पाटणच्या शके ११२८च्या शिलालेखाबद्दल दर वर्षी मी सांगते: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला. आज मी तोंड उघडायच्या आत भाचा त्याच्या मित्राला सांगत होता. शकासकट, सगळं बरोबर. मी गप्प उभी राहिले. वाईट वाटलं. आणि छानही वाटलं, तेही लिहून ठेवते.

कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. कोणी पिशवीचा विषय काढला नाही. मीही नाही.

आता आठवतंय, पिशवी नव्हती तेव्हा शेवटचा उतार मी दोन्ही हात मोकळे ठेवून उतरले. एका सलईच्या खोडाची साल कागदासारखी सुटली होती, तिला हात लावला. इतक्या वर्षांत त्या झाडापाशी थांबले नव्हते. गुडघाही रोजच्याइतका दुखत नाहीये. तरी विचारायला हवं होतं त्याने.

पिशवी त्याच्या गाडीच्या डिक्कीतच राहिली. चष्मा तिच्यात, म्हणून हे जुन्या चष्म्याने लिहितेय. मघाशी त्याचा मेसेज आला: "आत्या, पिशवी माझ्याकडे आहे, सकाळी आणून देतो."

बराच वेळ काही लिहिलं नाही. मग कळवलं: चष्मा तेवढा आण. पिशवी पुढच्या खेपेला. चढताना मी घेईन, मुरमाच्या पट्ट्यापासून तू.

त्याने नुसतं "बरं" लिहिलंय.