काकूंना दाखवलेलं दार

लिस्बनमध्ये टुरिस्टांची गाडी चालवतो मी, मूळचा गोव्यातल्या पेडण्याचा. गेल्या महिन्यात पुण्याच्या एक रिटायर्ड वैद्य काकू आणि त्यांचे मिस्टर होते, सकाळी आठला हॉटेलवरून उचलायचं, एव्होरा, कास्तेलो द व्हीद, मार्वाओ करून रात्री परत. जवळपास पाचशे किलोमीटर. एजन्सीवाले याला आरामदायी सहल म्हणतात, ते कधी स्टिअरिंगवर बसलेले नाहीत.

आलेंतेजो प्रांतात शिरलं की दोन्ही बाजूंना कॉर्क ओकची, म्हणजे बाटलीच्या बुचांची झाडं लागतात, खालचं खोड सोललेलं, तांबडं, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा. ४ असेल तर झाडाची साल २०२४ ला काढली, आता २०३३ पर्यंत हात लावायचा नाही, मध्ये नऊ वर्षं जायलाच हवीत. हे सांगितलं की लोक खूश होतात आणि मलाही जरा गाइड असल्यासारखं वाटतं. जेवणाचं मात्र टेन्शनच, गावातली किचनं अडीचला बंद होतात. व्हेज लोकांसाठी मी आसोर्दा सांगतो, लसूण-कोथिंबीर-ऑलिव्ह तेलाच्या गरम पाण्यात शिळा पाव, अंड्याशिवाय. टेबलावर आधीच ठेवलेले ऑलिव्ह फुकट नसतात हेही बसायच्या आधीच सांगून टाकतो, नाहीतर बिल आलं की आपली माणसं माझ्याकडे बघतात.

एव्होरात हाडांचं चॅपल बघितलं. दारावर लिहिलंय, आम्ही हाडं इथे आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय. काका हसले, काकू गप्पच. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "इथे हाडं भिंतीत सजवलीत, आणि त्या गार्सियाची तुमच्या गोव्यात उकरून जाळली रे, १५८० मध्ये. मरून बारा वर्षं झाली होती."

मी विचारलं, कोण गार्सिया?

गार्सिया द ओर्ता. कास्तेलो द व्हीदचा ज्यू घरातला डॉक्टर, १५३४ ला गोव्यात आला, मुंबई बेट त्याच्याकडे भाड्याने होतं, १५६३ ला गोव्यातच पुस्तक छापलं, त्यात आपला हिंग, मिरी, आंबा, भांग, सगळं. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. काकू हे सगळं घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगत होत्या आणि मला घाम फुटला होता, कारण पणजीत चर्चसमोरच्या ज्या बागेत कॉलेजची तीन वर्षं भजी खाल्ली तिचं नावच गार्सिया द ओर्ता गार्डन आहे. एकदाही विचारलं नाही कोण हा. आणि त्याच्या गावात पन्नासेक वेळा गाडी लावलीय, एजन्सीच्या पीडीएफमधल्या तीन ओळी बोलून. पांढरी घरं, कुंड्या, ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग.

गावात गाडी वरच लावायची. जीपीएस हमखास ज्यूंच्या मोहल्ल्यात घालतो, तिथे आरसे मिटूनसुद्धा गाडी निघत नाही. दगडी उतार, दगड घासून गुळगुळीत झालेले, काका वरच बाकावर बसले, काकू माझा दंड धरून खाली उतरल्या. आणि विचारलं, "त्याचं घर कुठलं रे?"

माहीत नाही म्हणायला काय जात होतं? पण अडीच तास ज्या बाईने मला माझाच गोवा शिकवला तिला परत एकदा माहीत नाही म्हणवेना. मी बोट केलं. "हे असावं काकू, असं म्हणतात." कोणीच म्हणत नाही. टोकदार कमानीचं ग्रॅनाइटचं दार, खाली मांजराची वाटी, बाजूला विजेचा मीटर.

काकूंनी चप्पल काढली. चौकटीच्या दगडावर तळहात टेकला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. आतून टीव्हीचा आवाज येत होता, फुटबॉल. मी मीटरकडे बघत होतो.

मार्वाओला किल्ल्यावर वारा होता, फोटो चांगले आले एवढंच आठवतंय.

चार दिवसांनी पुण्याहून व्हॉट्सॲप आला, त्या दाराचा फोटो, 'गार्सियाच्या दारात', आणि खाली, फ्रेम करायला दिलाय, तुझ्यामुळे झालं हो. मी 'काकू, एक सांगायचं होतं' टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं.

शेवटी हात जोडलेला इमोजी पाठवला.