१० मेगाबिटची यंत्रं १० गिगाबिट फायबरवर: आतापर्यंतची प्रगती

मांडणी अशी आहे. वरच्या टोकाला दोन १० गिगाबिट एसएफपी प्लस (मॉड्यूल खुपसायच्या खाचांचे) स्विच, मध्ये सिंगल मोड (लांब पल्ल्याचं) फायबर. खालच्या टोकाला तीन जुने संगणक: स्पार्कस्टेशन आयपीएक्स (फक्त एयूआय, म्हणजे बाहेरचा ट्रान्सीव्हर लावायचा पोर्ट), एक ४८६ (एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड, बीएनसी म्हणजे कोअ‍ॅक्स केबलचा गोल जोड) आणि एसजीआय इंडी (१०बेस-टी, म्हणजे तांब्याच्या तारेवर १० मेगाबिट). तिन्ही यंत्रं आता सर्व्हरपर्यंत पोचतात. फायबर सोपं निघतं. खरं काम वेग खाली उतरवण्यात आहे.

फायबर

एलआर (१० गिगाबिटचं फायबर) मॉड्यूल १० किमीसाठी असलं तरी पाच मीटरच्या पॅचकॉर्डवरही बिनधास्त चालतं. त्याची पाठवण्याची कमाल पॉवर ०.५ डीबीएम आणि घेण्याची मर्यादाही तेवढीच, म्हणून अटेन्यूएटर (प्रकाश मंद करणारा जोड) लागत नाही. ४० किमीचं ईआर मॉड्यूल स्वस्तात मिळालं तरी अटेन्यूएटरशिवाय लावू नका. ब्रॉडबँडच्या कामातून उरलेल्या हिरव्या टोकाच्या दोऱ्याही नकोत. त्यांचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. इथे निळं, यूपीसी (तिरकं नसलेल्या) घासणीचं एलसी (छोटं फायबर टोक) हवं.

मधली पायरी

एसएफपी प्लसचं आरजे४५ मॉड्यूल घेऊन त्यात इंडी खुपसली की काम झालं, असं वाटतं. लिंकचा दिवाच पेटत नाही. बऱ्याच १० गिगाबिट आणि काही २.५ गिगाबिट चिपांमध्ये १० मेगाबिट उरलेलंच नाही. म्हणून मध्ये १०/१००/१००० चा मॅनेज्ड स्विच हवा, एसएफपी अपलिंकसकट (वरच्या स्विचला जोडायचा पोर्ट), आणि डेटाशीटमध्ये १०बेस-टी स्पष्ट लिहिलेलं. ऑफिसांतून निघालेले जुने गिगाबिट स्विच यासाठी नव्यांपेक्षा बरे.

अपलिंकला दोन्ही टोकांना १०००बेस-एलएक्स (१ गिगाबिटचं फायबर मॉड्यूल). एका टोकाला एलएक्स आणि दुसऱ्याला १० गिगाबिट एलआर चालत नाही, जरी दोन्ही १३१० नॅनोमीटरचे असले तरी. एसएफपी प्लस पोर्टचा वेग हाताने १ गिगाबिट करा. ऑटो-निगोसिएशन (जोडणीच्या अटी दोन्ही टोकांनी आपसात ठरवणं) दोन्हीकडे सारखं ठेवा, नाहीतर एका बाजूला लिंक दिसते आणि दुसऱ्या बाजूला नाही.

जुन्या यंत्राच्या पोर्टवर:
– वेग आणि डुप्लेक्स (हाफ म्हणजे एका वेळी एकच बाजू बोलते, फुल म्हणजे दोन्ही) ऑटोच ठेवा. जुनं कार्ड निगोसिएशन जाणत नाही, पण स्विच त्याचे लिंक पल्स ओळखून १० हाफ धरतो. इथे फुल लादलं की पिंग ठीक जातं आणि मोठी फाइल रांगते. कार्डाच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी), स्विचच्या बाजूला सीआरसी चुका (बिघडलेला डेटा).
– पोर्ट अनटॅग्ड (फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पाकिटावर, व्हीलॅनचा क्रमांक नाही; व्हीलॅन म्हणजे स्विचमधलं वेगळं जाळं), एमटीयू (एका फ्रेममधला कमाल डेटा) १५०० बाइट. स्विच फ्रेमचे तुकडे करत नाही, त्यामुळे त्याच सबनेटवरच्या सर्व्हरने ९००० चा जंबो पाठवला तर तो गुपचूप गळतो.
– स्पॅनिंग ट्रीत (स्विचांमधले वळसे टाळणारी सोय) एज पोर्ट करा. नाहीतर १५ अधिक १५ सेकंद पोर्ट अडून राहतो आणि तोवर डॉसचा डीएचसीपी (आयपी पत्ता मागणारा प्रोग्रॅम) हात टेकतो.
– केबल कॅट ५. नव्या चिपांमधलं १०बेस-टीई कमी व्होल्टेजवर चालतं, जुन्या कॅट ३ वर लांब पल्ल्याला भरवसा नाही.

एयूआय, बीएनसी

आयपीएक्सला १५ पिनी ट्रान्सीव्हर, १२ व्होल्ट यंत्राकडूनच मिळतो. सरकती खिटी नीट बसवा, नाहीतर ट्रान्सीव्हर स्वतःच्या वजनाने सुटतो. एसक्यूई (प्रत्येक फ्रेमनंतर ट्रान्सीव्हरने द्यायची खूण) चालू ठेवा, कारण लान्स (आयपीएक्समधली इथरनेट) चिप त्याची वाट पाहते. हाच ट्रान्सीव्हर हबच्या एयूआयला लावला तर एसक्यूई बंद.

४८६ साठी बीएनसी पोर्ट असलेला जुना १०बेस-टी हब. बीएनसी मागितलं की दुकानदार सीसीटीव्हीचं ७५ ओहमचं सामान पुढे करतो. आपल्याला आरजी-५८ केबल आणि ५० ओहमचे टर्मिनेटर (केबलच्या टोकाचे रोधक) हवेत. यंत्रं बंद करून टी-जोडावर मल्टिमीटर लावा: २५ ओहमच्या आसपास म्हणजे दोन्ही टोकं ठीक, ५० म्हणजे एक टर्मिनेटर गायब, ३७ म्हणजे ७५ वाले आले.

गळती

सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं. १५१८ बाइटची फ्रेम १० गिगाबिटवर सव्वा मायक्रोसेकंदात जाते, १० मेगाबिटवर सव्वा मिलिसेकंद घेते. हजारपटीचा फरक स्विचच्या बफरमध्ये साठतो आणि बफर भरला की फ्रेम टाकल्या जातात. टीसीपी सावरून घेतो. सनच्या जुन्या सनओएस ४ चा एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वाचण्याची पद्धत) मात्र यूडीपीवर, जो गळलेलं स्वतः परत पाठवत नाही; ८१९२ बाइटच्या वाचनाचे सहा तुकडे होतात. एक गळाला की सहाही पुन्हा. आरसाइझ (एका वाचनाचा आकार) १०२४ केला की एका फ्रेममध्ये मावतं, गोठणं थांबतं.

एनई२००० ची गोष्ट वेगळी. कार्डावरच्या १६ केबी मेमरीतली (एक पान २५६ बाइट) ६ पानं पाठवण्यासाठी गेली की उरलेल्या ५८ पानांत पूर्ण लांबीच्या ९ फ्रेम मावतात. ४८६ ने इंटरप्टला उशीर केला की गळती कार्डातच होते. म्हणून आधी स्विचचा पोर्ट काउंटर बघा: तिथे ड्रॉप वाढत असतील तर सर्व्हरवर त्या यंत्रापुरता ९ मेगाबिटचा शेपर (वेगाला लगाम), तिथे शून्य असेल तर दोष कार्ड किंवा ड्रायव्हरचा. जुन्या यंत्रांना वेगळा व्हीलॅन दिल्याने टीव्ही-फोनांचा ब्रॉडकास्टही थांबला.

बाकी

आयपीएक्सला एयूआयवरून थेट १०बेस-एफएल (फायबरवर १० मेगाबिट) ट्रान्सीव्हर लावायचा आहे: ८५० नॅनोमीटर, एसटी टोकं, मल्टीमोड. समोर मीडिया कन्व्हर्टरही (फायबर आणि तांबं जोडणारा डबा) १०बेस-एफएलचाच लागेल. सहज मिळणारे १००बेस-एफएक्सवाले १३१० चे असतात आणि वेगही वेगळा.