खेळ कोकणात, एडिशन कोणती?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाची नवी कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) ठरली की ग्रुपवर एडिशनचा, म्हणजे नियमपुस्तकाच्या आवृत्तीचा, वाद निघतोच. कोणी पाचव्या एडिशनचं २०१४चं पुस्तक काढतं, कोणाला तिचंच २०२४चं हवं असतं, आणि एखादा जुना खेळाडू तिसरीची सुधारित ३.५ सोडून काही खेळणार नाही म्हणून अडून बसतो. ‘सगळ्यात चांगली एडिशन कोणती’ यावर भांडत राहिलं तर निकाल लागत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. आपलं टेबल किती दिवसांनी भरतं? आणि खेळाडूंचा जास्त वेळ कशात जावा, लढाईत, शोधाशोधीत की बोलाचालीत? ही दोन उत्तरं मिळाली की एडिशन जवळजवळ ठरलेलीच असते.

आपल्याकडे पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग अशा ठिकाणी दर आठवड्याला बसणारी टेबलं वेगळी आणि चाकरमान्यांची वेगळी. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात सगळे गावी आले की चार रात्री सलग खेळ, मग तीन-चार महिने काहीच नाही. एवढ्या खंडानंतर आपल्या कॅरेक्टरचे (आपण वठवतो त्या पात्राचे) बारा फीट (खास करामती) आणि वीस स्पेल (मंत्र) कोणालाच आठवत नाहीत. पहिली अख्खी रात्र शीट, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीचा कागद, वाचण्यात जाते. त्यात पावसात लाइट गेली, रेंज गेली, की ॲपवर अवलंबून असलेला खेळ तिथेच थांबतो. अशा टेबलासाठी माझं स्पष्ट मत आहे: याच खेळाचं १९८१चं बेसिक-एक्स्पर्ट (पुढे नुसतं बेसिक) किंवा त्यावर बेतलेलं एखादं नवं पुस्तक घ्या. ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स हे त्यातलं सर्वांत नीटनेटकं. बेसिक फँटसीची पीडीएफ फुकट मिळते. कॅरेक्टर पंधरा मिनिटांत तयार होतं, शीट एका पानात मावते, आणि नियम विसरले तरी दहा मिनिटांत पुन्हा हाताशी येतात.

दर आठवड्याला बसणाऱ्यांना पाचवी एडिशन किंवा पाथफाइंडर या तशाच वेगळ्या खेळाची दुसरी एडिशन सहज पेलते, कारण नियम वापरात राहतात.

आता दुसरा प्रश्न. नियम ज्याला गुण देतात तेच खेळाडू करतात. जुन्या बेसिकमध्ये एक सोन्याचं नाणं सुरक्षित परत आणलं की एक एक्सपी (अनुभवाचा गुण) मिळतो. राक्षस मारल्याचे एक्सपी त्यामानाने किरकोळ. फायटरला (लढवय्या कॅरेक्टरला) दुसऱ्या लेव्हलला जायला २००० एक्सपी लागतात. म्हणजे चार फायटर असतील तर साधारण ८००० नाणी. दहा नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे ८०० पौंड सोनं. एका माणसाला जास्तीत जास्त १६०० नाण्यांएवढं ओझं नेता येतं, तेही रखडत. आता हा खजिना खाडीपलीकडच्या पडक्या कोटात आहे असं समजा. ओहोटीला चिखलातून जाता येतं, पण सोनं परत आणायला होडी हवी, आणि होडीसाठी भरती हवी. भरती येईपर्यंत सहा तास तिथे काढायचे, आणि नियम सांगतात की डंजनमध्ये (भुयारं, पडके कोट अशा धोक्याच्या जागी) दर दोन टर्नला सहात एक अशी भटक्या राक्षसाची शक्यता. टर्न दहा मिनिटांचा, मशाल सहा टर्न जळते. सहा तासांत छत्तीस टर्न, म्हणजे अठरा वेळा फासा पडणार आणि सहा मशाली संपणार. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) वेगळं काही रचायची गरजच उरली नाही. भरती-ओहोटीच्या, खाजणांच्या आणि कोटांच्या प्रदेशाला हे नियम इतके चपखल बसतात की कोकणातली कॅम्पेन म्हटली की मी आधी याच पुस्तकाकडे वळतो.

पाचवीत हेच कोट ठेवले तर खेळाडू मशाली मोजणार नाहीत. लाइट हा कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल) फुकट आहे, बऱ्याच वंशांना डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) आहे. तिथे मजा लढाईत आणि कॅरेक्टरच्या करामतीत असते. दोन्ही चांगलं. फक्त एकाची अपेक्षा ठेवून दुसरं पुस्तक उघडू नये.

जुन्या पुस्तकांत एक खड्डा हमखास असतो, तो एसीचा, म्हणजे मार लागणं किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याचा. बेसिकमध्ये चिलखत नसलेल्याचा एसी ९, एडीअँडडीत (ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स या जुन्या संचात) १०, आणि दोन्हीकडे आकडा कमी तितकं चांगलं. म्हणून तेच लेदर आर्मर बेसिकमध्ये ७ आणि एडीअँडडीत ८ होतं. बेसिक फँटसीत आकडा वर चढतो: चिलखत नसेल तर ११, लेदर १३. तिसऱ्या एडिशनपासून पुढे सुरुवात १०. नेटवरून कुठलंही जुनं साहस उचललं आणि आकडे तसेच वापरले तर कधी एकाने चूक, कधी सगळंच उलटं. तपासायची सोपी रीत अशी: पहिल्या लेव्हलच्या फायटरने लेदरवाल्याला मारायला वीस बाजूंच्या फाशावर किती हवे ते काढा. बेसिकमध्ये थॅको (एसी ० असलेल्याला मारायला लागणारा आकडा) १९, वजा ७, म्हणजे १२. बेसिक फँटसीत हल्ल्याला +१ मिळतो, १३ गाठायचे, म्हणजे फाशावर पुन्हा १२. उत्तर १२ आलं नाही तर आकडे बदलताना कुठेतरी घोळ झालाय.

पाचवीतल्या २०१४ आणि २०२४ या दोन पुस्तकांवर जास्त बोलायला हवं, कारण बहुतेक टेबलांवर आज हीच दोन असतात आणि ‘दोन्ही एकच आहे’ म्हणून सर्रास मिसळली जातात. जुनी साहसं नव्या नियमांवर चालतात हे खरं. पण एकाच टेबलावर दोन खेळाडूंकडे दोन पुस्तकं असली की अडतं. क्युअर वूंड्स हा जखमा भरणारा स्पेल २०१४मध्ये १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) बरं करतो, २०२४मध्ये २डी८. पॅलडिनचा (धर्मयोद्ध्याचा) डिव्हाइन स्माइट हा जादा मार आधी फटका लागल्यावर कोणतीही ॲक्शन न घेता लावता यायचा, आता तो स्पेल झाला आहे आणि बोनस ॲक्शन (पाळीतली एकच जादा कृती) खातो. अचानक हल्ला झाला तर आधी पहिली पाळीच जायची, आता फक्त इनिशिएटिव्हला (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी तो धरायचा. नावं तीच असल्याने चूक कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ऐन लढाईत ‘माझ्या पुस्तकात असं नाही’ सुरू होतं.

सगळ्यात धोकादायक फरक लढाई किती जड ठेवायची त्या हिशोबात आहे. पहिल्या लेव्हलचे चार खेळाडू गलबतावर आहेत आणि रात्री आठ लुटारू चढून येतात असं घ्या. लुटारू म्हणजे पुस्तकातला बँडिट: एसी १२, एचपी (किती मार सोसतो ते) ११, प्रत्येकी २५ एक्सपी. २०१४चा हिशोब असा: आठ गुणिले २५ म्हणजे २००, सात ते दहा शत्रू असले की अडीचपट, म्हणजे ५००. चार जणांची डेडली मर्यादा ४००. लढाई जीवघेणी निघाली. २०२४च्या पुस्तकात शत्रूंच्या संख्येची पट काढून टाकली आहे. तिथे चार जणांचं लो, म्हणजे हलक्या लढाईचं, बजेट २००, आणि आपले लुटारू बरोबर २००. म्हणजे नवं पुस्तक याच लढाईला हलकी म्हणतं. २०२४ची कॅरेक्टरं सुरुवातीला थोडी दणकट असतात, वेपन मास्टरी असते, ओरिजिन फीट असतो, पण आठ जणांचे आठ हल्ले पहिल्या लेव्हलला कोणालाही झेपत नाहीत. पहिल्या दोन लेव्हलपर्यंत नवं पुस्तक वापरत असलात तरी जुन्या पटीने एकदा हिशोब करून पाहाच. चार लुटारू शिडीवरून आधी आणि चार दोन राउंडनंतर चढवले, तर तीच लढाई खेळण्याजोगी होते.

समुद्रप्रवासाची कॅम्पेन असेल तर विश्रांतीचा, म्हणजे वापरलेले स्पेल परत मिळवण्याचा, नियम आधी बघा. २०१४चं डीएमचं पुस्तक एका दिवसात सहा ते आठ लढाया धरून चालतं. विजयदुर्गाहून सुवर्णदुर्गाकडे जाताना दिवसाला फार तर एक प्रसंग घडतो. मग विझर्ड (जादूगार) दरवेळी सगळे स्पेल एकाच लढाईत ओततो, आणि रोग (Rogue, चोरटा), फायटर नुसते बघत बसतात. त्याच पुस्तकात ग्रिटी रिअलिझम नावाचा पर्याय आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. लाँग रेस्ट फक्त बंदरातच मिळेल असं ठरवलं की प्रवासाला वजन येतं. यात बिघडतं ते आठ-आठ तास टिकणाऱ्या स्पेलांचं. मेज आर्मर हा चिलखतासारखा स्पेल आधी जवळजवळ दिवसभर पुरायचा, आता आठवड्यातला एक दिवस. अशा स्पेलांची मुदत पुढच्या शॉर्ट रेस्टपर्यंत धरा, नाहीतर विझर्डवाला खेळाडू उगाच नाराज होतो.

वादळ, उपासमार, तहान यांचा मारा जास्त ठेवायचा असेल तर मात्र २०२४ बरं. एक्झॉशनच्या (थकव्याच्या) प्रत्येक पायरीला डी२०च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) चाचणीत वजा २ आणि वेग पाच फुटांनी कमी, एवढंच लक्षात ठेवायचं. २०१४मध्ये सहा पायऱ्यांचा तक्ता आहे आणि तिसऱ्या पायरीला हल्ले नि सेव्ह (संकटातून वाचायचा फासा) दोन्हींना डिसॲडव्हांटेज लागतं, त्यामुळे खेळाडू तिथून पुढे जायलाच घाबरतात. सहावी पायरी दोन्हीकडे मृत्यूचीच.

बंदुकाही लक्षात घ्या. कान्होजी आंग्रे १७२९मध्ये गेले, विजयदुर्ग १७५६मध्ये पडला. या मधल्या काळासारखं जग रचायचं असेल तर बंदुकीशिवाय भागत नाही. २०२४च्या खेळाडूंच्या पुस्तकात मस्केट १डी१२ आणि पिस्तूल १डी१० शस्त्रांच्या मुख्य तक्त्यातच आहेत. २०१४मध्ये त्या डीएमच्या पुस्तकात पर्याय म्हणून आहेत, तेव्हा वापरणार की नाही ते आधी सांगावं लागतं. पावसात दारू भिजण्याचा नियम दोन्हीकडे नाही. उघड्यावर भिजत असताना हल्ल्याला डिसॲडव्हांटेज, एवढा घरचा नियम पुरतो.

३.५ (२००३) आवडणाऱ्यांना त्यातलं कॅरेक्टर घडवणं आवडतं, आणि ते खरोखर फार समृद्ध आहे. पोहायला फाशावर गाठायचे आकडेही तिथे नेमके दिले आहेत: शांत पाण्यात १०, खवळलेल्यात १५, वादळात २०, आणि चिलखताचा दंड दुप्पट. पण अकराव्या लेव्हलचा फायटर एका पाळीत तीन वेगवेगळ्या बोनसांनी हल्ले करतो, वर प्रत्येक स्पेलचा बोनस कशावर चढतो नि कशावर नाही ते बघायचं. सगळ्यांना नियम पाठ असतील तरच घ्या, आणि दहाव्या लेव्हलच्या आत गोष्ट संपवा. चौथी (२००८) आणि पाथफाइंडर दुसरी (२०१९) यांना चौकटींचा पट हवाच. चार्ट पेपरवर एक इंचाच्या चौकटी आखा आणि चिंचोके मांडा, छान चालतं. चौथी खेळायची तर राक्षस २०१०च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले किंवा त्यानंतरचे घ्या. आधीच्यांचे एचपी जास्त आणि मार कमी, त्यामुळे लढाई उगाच लांबते. पाथफाइंडरचे नियम नेटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात, ही मोठी सोय.

भुताखेतांचं काय? गिऱ्हा, देवचार, हडळ, मुंजा हे सगळे कॅम्पेनमध्ये येणारच. जुन्या बेसिकमध्ये गिऱ्हा एका ओळीत होतो: एसी ५, एचडी (एचपीसाठीचे फासे) ३, थॅको १७, एक हल्ला १डी६, मोराल (धीर) ८, आणि फटका लागला की धरून पाण्यात ओढतो. ३.५मध्ये त्यालाच फीट, स्किल पॉइंट, टाइप सगळं द्यावं लागतं, संध्याकाळ जाते. वेताळाला आणि गावाच्या राखणदाराला मात्र मारून एक्सपी मिळवायचा राक्षस करू नका. टेबलावरच्या कोणाच्या तरी घरून त्याला नारळ जातो. त्याच्याशी बोलणी व्हावीत, मान द्यावा, शब्द द्यावा. बेसिकचा २डी६चा (सहा बाजूंच्या दोन फाशांचा) रिॲक्शनचा फासा, म्हणजे समोरचा कसा वागेल ते ठरवणारा, यासाठी उत्तम: २ आले तर सरळ हल्ला, १२ आले तर मैत्री, मधल्या आकड्यांत खेळाडू काय बोलतात त्यावर. ३.५ची डिप्लोमसी (बोलणी करायचं कौशल्य) इथे फसते. शत्रूला तटस्थ करायला ठरावीक २५ लागतात, आणि नीट बांधलेला बार्ड (गायक कॅरेक्टर) तेवढे सहज काढतो.

एडिशन ठरली की एक कागद करा. कोणतं पुस्तक, कोणत्या सालचं, त्याबाहेरचं काय चालेल, विश्रांती कशी, एक्सपी कशाचे, कॅरेक्टर मेलं तर नवं कोणत्या लेव्हलला. दहा ओळींपेक्षा जास्त होत असेल तर तुम्ही दोन एडिशन मिसळताय. एक ना धड, भाराभर चिंध्या. पाचवी निवडली असेल तर मूळ नियम मराठीत लिहून वाटायलाही अडचण नाही: एसआरडी (मूळ नियमांचा संच) ५.१ जानेवारी २०२३मध्ये आणि ५.२ एप्रिल २०२५मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, श्रेय दिलं की पुरे. ५.१मध्ये प्रत्येक क्लासचा (फायटर, विझर्ड अशा प्रकाराचा) एकच सबक्लास (उपप्रकार) आहे, तेव्हा बाकीच्यांसाठी पुस्तक लागेलच. नियमांची चार पानं झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. पावसाळ्यात उघडे कागद महिन्याभरात दमट होऊन चिकटतात. शीटवर पेन्सिलच वापरा, दमट कागदावर शाई फुटते.

कॅम्पेन मध्यावर असताना एडिशन बदलायचीच वेळ आली, तर ती सलग सेशनांच्या मध्ये न बदलता मोठ्या खंडात बदला. जुन्या शीटवरचा एकेक आकडा नव्यात उतरवत बसू नका. त्याच लेव्हलचं तेच कॅरेक्टर नव्या पुस्तकातून पहिल्यापासून बांधा आणि जुन्यातून फक्त नाव, नातीगोती, कर्ज आणि जादूच्या वस्तू आणा. वस्तूही बघून घ्या. ३.५मधली जादूची +३ तलवार पाचवीत तशीच आणली तर प्रत्येक लढाई तिच्याभोवती फिरते. तिथे +१ पुरेशी आहे.