मी गंगा खोडली

मंगळवार, रात्री

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला. साडेआठला आईचा फोन. पहिलाच प्रश्न, "गंगेला पाणी किती आलंय गं?" मी म्हटलं, "दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं म्हणतात. रात्रीत वाढेल." नाशकात पुराचं पाणी नदीतल्या या मूर्तीवरूनच मोजतात, आणि गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. फोन ठेवला आणि ताट समोर घेऊन तशीच बसून राहिले. दुपारीच मी एका वहीत 'गंगा' हा शब्द लाल पेनाने खोडला होता.

वही माझ्या इंग्रजीच्या क्लासला येणाऱ्या मावशींची. वाक्य साधं होतं : 'आय लिव्ह निअर गंगा.' मी दोन खुणा केल्या. इंग्रजीत नदीच्या नावाआधी 'द' लागतो, तो वर लिहिला. आणि 'गंगा'वर काट मारून 'गोदावरी' केलं. शिवाय तोंडीही सांगितलं, मावशी, गंगा तिकडे उत्तरेत, आपली ही गोदावरी. त्या "बरं मॅडम" म्हणाल्या. मग खालच्या ओळींत जिथे जिथे गंगा होती तिथे स्वतःच रबर फिरवून गोदावरी लिहीत बसल्या. आठ अक्षरांचं स्पेलिंग, फळ्यावर बघून, एकेक अक्षर. रबराचा चुरा पदराने झाडला. तेवढंच सारखं डोळ्यांसमोर येतंय.

त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

हा धडा माझाच होता, म्हणून जास्त लागलं. क्लासच्या पुस्तकात बर्फ पडतो, लोक सँडविच घेऊन ऑफिसला जातात, आणि चाळिशीतल्या बायकांनी ते घोकायचं. मला ते कधीच पटलं नाही. सहा वर्षं झाली, मी स्वतः कागद तयार करते, 'नाशिकमधला माझा दिवस' म्हणून. झेरॉक्सचे पैसे माझे, रात्रीची जागरणं माझी, आणि वर सर म्हणणार, मॅडम, आधी पुस्तक संपवा. कोणी एकदा तरी म्हणावं की हे चांगलं करता. आज ते सगळं एकदम अंगावर आलं. एवढं करून शेवटी मी काय केलं, तर त्यांच्या दारातली नदी खोडली.

आणि मागच्याच महिन्यात एकाने मिसळीला 'स्प्राउट करी' लिहिलं तेव्हा मी किती भांडले होते! मिसळ मिसळच लिही, पुढे सांग की मटकीची उसळ, वरून तर्री, फरसाण, सोबत पाव. रहाडीला कोणी 'पिट' म्हटलं तेव्हाही थांबवलं होतं. रहाड लिहा, मग समजावा : जुन्या नाशकातला पेशवेकाळापासूनचा रंगाचा हौद, वर्षभर बुजवून ठेवतात, रंगपंचमीला उघडतात, त्यात उडी मारतात. शब्द आपला ठेवायचा आणि अर्थ इंग्रजीत सांगायचा, हे मीच शिकवते. मग नदीच्या बाबतीत हात का वळला? खायच्या गोष्टी आपल्या, आणि भूगोल पुस्तकातला, असं माझ्या आत कुठेतरी बसलंय का?

खरं तर माझी बाजूही अगदी लंगडी नाही. मावशी रामकुंडावर द्रोणातले दिवे आणि फुलं विकतात. कुठकुठून लोक येतात, अस्थी घेऊन येतात, आणि विचारतात ही कुठली नदी. आंध्रातल्या राजमहेंद्रीहून आलेल्या माणसाला ही गोदावरीच. ब्रह्मगिरीला उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहत जाऊन त्यांच्याकडेच समुद्राला मिळते. त्याला कोणी नुसतं 'गंगा' सांगितलं तर तो चक्रावेल. म्हणून तर मावशी क्लासला येतात, अशा माणसाशी बोलायला. नकाशातलं नाव त्यांना यायलाच हवं.

पण मी विचारलं नाही. गंगा का म्हणता, एवढं विचारलं असतं तर त्यांनी गौतम ऋषींनी गंगा इथे आणल्याची सगळी गोष्ट सांगितली असती, गाईसकट. ती त्यांना माझ्यापेक्षा नीट येते. मोडक्या इंग्रजीत अर्धा तास बोलल्या असत्या, आणि भूतकाळाची सगळी क्रियापदं त्यातच आली असती. गेल्या पावसाळ्यात असंच झालं होतं. पूर हा विषय दिला तर सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. मारुतीचा गुडघा, कंबर, गळा, यांवरून नी-डीप, वेस्ट-डीप, नेक-डीप तिन्ही शब्द एका दमात पाठ झाले. मोठ्या पुराला नदीजवळच्या जुन्या सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायचं, हे मला एकीने शिकवलं. २०१६ आणि २०१९ दोन्ही पूर त्यांनी मला इंग्रजीत सांगितले. चुकत, पण सांगितले. त्या दिवशी त्या सगळ्या जणी गंगाच म्हणत होत्या. मी एकदाही अडवलं नव्हतं. त्या दिवशी हातात लाल पेन नव्हतं, एवढंच का?

बाबांचं सगळं गंगेवरच झालं. तेव्हा मी… ते आज नको.

दहा वाजता उठून वरण-भात गरम केला, खाल्ला. डोकं जरा शांत झालं. सरांचं म्हणणं सरांपाशी. कागद मी करतेच आहे, करणार आहे. बुधवारच्या कागदाच्या वर दोन ओळी लिहिल्या : 'द मॅप सेज गोदावरी. वी कॉल इट गंगा.' 'इट' लिहिताना पेन अडलं. व्याकरणाने 'इट'च. मावशी वाचताना 'शी' म्हणतील, त्यांच्यासाठी ती बाईच आहे, आई आहे. म्हणू देत. हे मी लाल करणार नाही.

उद्या पाणी असंच राहिलं तर गंगेवरचा बाजार भरायचा नाही. मावशींना आपली फुलांची पाटी वर हलवावी लागेल, त्या धांदलीत बॅचला येतात की नाही कोण जाणे. आल्या तर आधी वही मागून घेईन. 'द' तेवढा तसाच ठेवायचा आहे.