मीटरवर 88 हजार आणि कागदासाठी सतरा दिवस: जुनी पिकअप घेतानाचा माझा अनुभव

गाडीच्या सर्व्हिस नोंदींच्या दोन पानांच्या एका कागदासाठी माझे सतरा दिवस गेले. अजूनही त्या सर्व्हिस सेंटरवरून जाताना डोकं तापतं.

माझा गुळाचा धंदा. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून माल उचलायचा आणि गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, कणकवलीकडं पोचवायचा. गणपतीच्या आधी महिनाभर तर खेपेवर खेप असते. भाड्याच्या गाड्यांना कंटाळून गेल्या वर्षी जुनी डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलं. पुढची सात-आठ वर्षं भरल्या मालानं घाट चढली पाहिजे, एवढीच अट.

बीएस फोर की बीएस सिक्स (धुराच्या प्रदूषणाचे जुने आणि नवे नियम) यावर फार डोकं लावलं नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सिक्स आलं. त्यातल्या डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या गाडीला आतली काजळी जाळायला अधूनमधून लांब पल्ल्यावर गरम पळावं लागतं. गावातल्या गावात फिरणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. मला गाडीचा बिघाड आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजातच दुरुस्त व्हावा असं वाटत होतं, म्हणून बीएस फोर शोधली.

हायवेलगतच्या एका एजंटाकडं 2017 ची एक गाडी मिळाली. नवा रंग, मीटरवर 88 हजार. आमच्या मिस्त्रीमामांनी आधीच बजावलं होतं, "मी येईपर्यंत इंजिन चालू करू देऊ नकोस." सकाळी सात वाजता त्यांनी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली, मग स्टार्टर मारायला लावला. इंजिन चालू असताना ऑईलच्या तोंडाचं टोपण काढून त्यावरच उलटं ठेवलं. वाफेनं ते थरथरलं, पण उडालं नाही. सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता. मी खूश झालो. मामा मात्र वाकून क्लचच्या पेडलवर अंगठा फिरवत होते. रबराची नक्षी पार झिजली होती, कडेला लोखंड दिसत होतं. "88 हजारात एवढं झिजत न्हाई. कागद बघितल्याबिगर पैसं देऊ नको."

हिशोब साधा होता. रोज शंभर किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तरी तीस हजार होतात. सात वर्षांच्या धंद्याच्या गाडीनं 88 हजारांवर थांबायचं कसं?

गाडी हातची जाऊ नये म्हणून दहा हजार विसार दिला, पण पावतीवर लिहून घेतलं: "सर्व्हिसच्या नोंदीशी मीटर जुळला नाही तर विसार परत." ही ओळ प्रत्येकानं लिहून घ्यावी.

आणि इथंच अडकलो. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जाईल. आताच्या मालकाचा नंबर दिला, तो नोंदीत नाही. नोंदीत पहिल्या मालकाचा. "मग त्यांना घेऊन या." ते कोण, कुठले, हे सांगायला तयार नाहीत. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला सर्व्हर बंद, अडीच तास बाकड्यावर बसवून "उद्या बघू". एजंट रोज फोन करून सांगायचा, दुसरं गिऱ्हाईक आलंय. इकडं ऑर्डरी सुरू झालेल्या. एका संध्याकाळी वैतागून मी पैसे देऊन मोकळा होणार होतो. बायको म्हणाली, "एवढं थांबलाय तर अजून चार दिवस थांबा." थांबलो.

वाट सापडली ती गाडीतच. कप्प्यात विम्याची जुनी पॉलिसी होती, त्यावर पहिल्या मालकाचा नंबर. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार निघाले. मी घाबरतच विचारलं. ते म्हणाले, "अहो, माझ्याकडंच ती दीड लाखाच्या वर चालली होती. जावा तुम्ही, ओटीपी मी सांगतो." तसा माणूस भेटला म्हणून काम झालं.

सतराव्या दिवशी कागद हातात पडला. ऑक्टोबर 2020 ची नोंद: 1,61,340 किलोमीटर. त्याखाली टर्बो बदलला, इंजेक्टर बदलले, क्लच दोनदा. मी ती ओळ एजंटासमोर ठेवली. तो काही बोलला नाही. विसार पूर्ण परत मिळाला, आणि खरं सांगतो, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

पुढं कागलच्या एका मालकाकडून 2018 ची बोलेरो पिकअप घेतली. मीटरवर 1,42,000. पण प्लास्टिकच्या पिशवीत प्रत्येक ऑईल बदलाचं बिल, तारखेसकट. किलोमीटर जास्त म्हणून मी अडलो नाही. पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) एक पान बदलावं लागलं, बाकी काही नाही. फॉर्म 29, 30 भरून गाडी नावावर झाली. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी करावं लागतं, तेवढा खर्च भाव ठरवताना धरा.

एक महत्त्वाचं वर सांगायचं राहिलं. आपल्याकडं 2019 आणि 2021 च्या महापुरात किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. बाहेरचा भाग धुतलेला असतो, पण आतल्या वाराभर पट्ट्यावर पाण्याची मातकट रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. जुन्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) मधेच शून्य झाला असेल तर त्याआधीच्या वर्षी कशाचा क्लेम झाला ते विचारा. मी कागलच्या गाडीचा पट्टा ओढला तेव्हा तो आतपर्यंत काळाभोर, कोरडा निघाला, आणि तिथंच आमचा भाव ठरला.