वरून खाली उतरलेल्या शिरा

रक्ताच्या उलट्या होतात म्हणून निफाडकडचे एक काका रात्री नाशिकला आमच्याकडे आले. चिठ्ठीवर निदान आधीच लिहिलेलं: 'दारूमुळे लिव्हर खराब, व्हेरायसिस.' व्हेरायसिस म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा. गळ्यात तुळशीची माळ. काकू कळवळून सांगत होत्या, "साहेब, यांनी थेंब शिवला नाही कधी." पण द्राक्षपट्ट्यातला पन्नाशीचा माणूस रक्त ओकला की आमच्या लोकांचं पेन आपसूक दारूकडे वळतं.

सिरॉसिसमधल्या, म्हणजे लिव्हर कडक झाल्यावर फुगणाऱ्या शिरा अन्ननलिकेच्या तळाशी, जठराच्या तोंडाशी सगळ्यात जाड असतात. वर येताना बारीक होतात. त्यामुळे एंडोस्कोपी करताना वरच्या भागात कुणी रेंगाळत नाही. इथे स्कोप घशाखाली जेमतेम उतरला आणि वीस सेंटिमीटरच्या आसपास निळ्या, टरटरीत शिरा दिसल्या, एकीवर लाल ठिपका. खाली जावं तशा त्या बारीक होत गेल्या. तळ स्वच्छ, जठर स्वच्छ. सोनोग्राफीत लिव्हर गुळगुळीत, प्लीहा नॉर्मल, लिव्हरकडे रक्त नेणारी पोर्टल व्हेन मोकळी. मग पोर्टल प्रेशर कमी करायला रात्रीपासून चालू असलेलं टर्लिप्रेसिन कशासाठी?

दिवे लावून चेहरा नीट पाहिला. सुजलेला. मानेच्या शिरा फुगलेल्या, छातीवर निळं जाळं. डायलिसिसचा पेशंट, त्यामुळे सूज किडनीच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे! हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी शीर-धमनी जोडून केलेली वाट) बंद पडल्यावर मानेच्या शिरेत 'तात्पुरता' घातलेला कॅथेटर, म्हणजे नळी, दोन वर्षं तिथेच होता. दुसरा फिस्टुला करायचं कुणाच्याच यादीत नव्हतं.

सीटीत सुपिरिअर व्हेना केव्हा, म्हणजे वरच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, त्या कॅथेटरपायी जवळपास मिटलेली दिसली. द्वारका चौक तुंबला की गाड्या गल्लीबोळांत घुसतात, तसं डोक्याहातांचं रक्त अन्ननलिकेच्या शिरांतून खाली वाट काढत होतं. त्यात प्रत्येक डायलिसिसला रक्त गोठू न देणारं हेपरिन.

ठिपक्यावर जपून शीर आवळणारा एक रबरी बँड लावला आणि डायलिसिस हेपरिनशिवाय करायला सांगितलं. खरा इलाज मुंबईत झाला: बलूनने शीर रुंद केली, कॅथेटर काढला. पुन्हा स्कोप केला तेव्हा शिरा पार बसलेल्या.

काकूंना मात्र डिस्चार्ज कार्डावरची दारू खटकत होती. मुलीचं लग्न ठरायचं आहे, पाहुणे कागद वाचतात. मी पेनने खोडून सही केली. कॉम्प्युटरात तेच निदान अजून आहे. रेकॉर्डवाले म्हणतात, पहिली नोंद लॉक असते.