जुनी केस आणि रेडिओग्राफीचं सर्टिफिकेट: माझा अनुभव

अमेरिकेत रेडिओग्राफीचा, म्हणजे एक्स-रे काढण्याचा, कोर्स करायचं ठरवलं तेव्हा माझ्या नावावर एक जुनी मिस्डिमीनरची, म्हणजे किरकोळ गुन्ह्याची, केस होती. शिक्षा झाली नव्हती. कोर्टाने प्रीट्रायल डायव्हर्जन दिलं, म्हणजे खटला चालवण्याऐवजी काही अटी घातल्या. त्या पूर्ण झाल्या आणि केस डिसमिस झाली. ओळखीतले सगळे एकच सांगत होते: डिसमिस झालीय ना, मग कळवायचं कशाला?

सर्टिफिकेट देणाऱ्या एआरआरटी या संस्थेचा नियम मात्र स्पष्ट आहे. डायव्हर्जन असो, लांबणीवर टाकलेला निकाल असो, की ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणून (गुन्हा कबूल न करता, पण आरोपाला आव्हानही न देता) मिटवलेलं प्रकरण, सगळं कळवावं लागतं. साधा ट्रॅफिकचा दंड कळवायची गरज नाही. पण त्यात दारू किंवा ड्रग्जचा संबंध असेल तर तोही कळवायचा. केस आहे म्हणून सरसकट नकार मिळत नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं जातं. लपवलं, तर तेच नवं प्रकरण होऊन बसतं.

मला खरा आधार झाला तो एथिक्स रिव्ह्यू प्रीॲप्लिकेशनचा. ॲडमिशन घेण्याआधीच हा अर्ज करून पात्रतेचं विचारता येतं. फी भरून, कोर्स संपवून मग परीक्षेला बसता येणार नाही असं कळलं तर माणूस कोलमडेलच. तरी कॉलेजात हे कुणी आपणहून सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कागदपत्रांनी दमवलं. कोर्टाच्या निकालावर नुसतं ‘डिसमिस्ड’ होतं. अटी पूर्ण केल्याचा पुरावा त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसकडून वेगळा मागवावा लागला. मग स्वतःचं निवेदन. त्यात मी एवढंच ठेवलं: कधी, कुठे, काय झालं, का झालं, कोर्टाने काय सांगितलं, ते कधी पूर्ण केलं. तारखा कोर्टाच्या कागदाशी एकेक करून ताडून पाहिल्या.

या केसमुळे परीक्षेला अडचण नाही, असं उत्तर आलं. पण त्यावर रुग्णालय आणि राज्य बांधील नसतात. क्लिनिकल ट्रेनिंगच्या रुग्णालयाने स्वतःची पार्श्वभूमी तपासणी केलीच. रुग्णाचा छळ किंवा मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याची फसवणूक यात दोषी ठरलेल्यांना तर सरकारी आरोग्य योजनांतून किमान ५ वर्षं वगळतात. अशा माणसाला कामावर ठेवलं तर रुग्णालयालाही दंड होऊ शकतो. माझी केस त्यातली नव्हती. राज्याच्या लायसन्सच्या अर्जात पुन्हा तोच प्रश्न होता. कोर्टाच्या प्रमाणित प्रतींचा जादा संच आधीच घेतलेला, तो तिथे जोडला.